रेंज गेल्यावर उरते ते

रोज गाडीने कामाला जाणाऱ्या माणसाविषयी मराठीत लिहायचे म्हटले की लेखणी आपोआप मुंबईच्या लोकलकडे वळते. त्यात गैर काही नाही. लोकलची गर्दी अफाट आहे आणि लोकलवरचे लेखनही. पण मोबाईल, इअरफोन, पॉवर बँक, मनगटावरचे नवे घड्याळ अशा अंगाखांद्यावरच्या वस्तूंबद्दलचा सगळा सल्लाही त्या एकाच गर्दीकडे बघून दिला जातो. दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन, पावलोपावली टॉवर, एक गाडी गेली तर मागून दुसरी, आणि ऑफिसात पोचल्यावर प्लग हजर, हे सगळे त्यात धरूनच चाललेले असते. अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीहून सोलापूरला किंवा कलबुर्गीला कामासाठी ये-जा करणाऱ्याला यातले फारसे काही मिळत नाही. दुधनी म्हणजे स्वतःची नगरपरिषद असलेले, तूर, उडीद, हरभऱ्याच्या व्यापारावर चालणारे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचे गाव. मुंबई आणि मद्रास जोडणारा लोहमार्ग १८७१ साली रायचूरला पुरा झाला, त्याच मार्गावर त्याचे स्टेशन आहे. सोलापूर साठ-पासष्ट किलोमीटरवर, कलबुर्गी त्याहून थोडे जवळ. रेल्वेचा मासिक पास दीडशे किलोमीटरपर्यंत मिळतो, म्हणजे दोन्ही शहरे पासाच्या टप्प्यात. गाडी चुकली तर मात्र मागून दुसरी लगेच येईल अशी खात्री नाही, आणि वाटेत नागणसूर, बोरोटीसारखी स्टेशने, मध्ये नुसते तुरीचे आणि ज्वारीचे रान.

अशा प्रवाशाच्या खिशातल्या वस्तूंची परीक्षा कशी करावी, हा या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: वस्तूला रेंज, चार्जिंग आणि सर्व्हर मिळत असताना ती काय करते, हे माप दुकानातल्या जाहिरातीचे झाले. दुधनीच्या प्रवाशाला उपयोगी पडणारे माप वेगळे आहे. या तिन्ही गोष्टी गेल्यावर त्या वस्तूत काय उरते, ते बघावे. जे उरते तेवढेच खऱ्या अर्थाने त्याच्या मालकीचे, बाकीचे भाड्याचे. या मापाने बघितले तर महाग-स्वस्त, नवे-जुने ही नेहमीची प्रतवारी पार विस्कटून जाते.

सगळ्यात आधी प्रश्न येतो तो गाडी कुठे आहे याचा. पूर्वी याचे उत्तर स्टेशन मास्तरांकडे असे आणि ते मिळवायला स्टेशनवर जावे लागे. नंतर रेल्वेची चौकशी यंत्रणा इंटरनेटवर आली, पण तिच्यातली माहिती बराच काळ स्टेशनागणिक हातानेच भरली जात होती, त्यामुळे मधल्या रानात थांबलेली गाडी तिला दिसत नसे. इस्रोच्या साहाय्याने इंजिनांवर बसवलेली नवी यंत्रणा उपग्रहाच्या आधाराने दर अर्ध्या मिनिटाला जागा कळवते. मोठी सुधारणा आहे ती. तरीही छोट्या स्टेशनांवरच्या प्रवाशांमध्ये सर्वाधिक रुजले ते ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्ज या छोट्या कंपनीने ते बनवले आणि २०१८ च्या अखेरीस गुगलने ती कंपनीच विकत घेतली. त्याच्या यशाचे मर्म असे की डब्यात बसलेल्याला ते इंटरनेट नसतानाही गाडीची जागा सांगते. फोन ज्या टॉवरला चिकटलेला असतो त्याची ओळखसंख्या त्याला कळतेच. रुळालगतच्या टॉवरांची आणि स्टेशनांची यादी ॲपमध्ये आधीच साठवलेली असते. दोन्हींची सांगड घातली की जागा निघते. उपग्रह नको, नेटपॅक नको, आणि बॅटरीही फारशी खर्च होत नाही. फलाटावर वाट बघणाऱ्याला मात्र नेट लागते, शिवाय त्या गाडीत ॲप वापरणारे कोणीतरी असावे लागते, कारण त्यांच्याच फोनांकडून जागा कळते. कमी गर्दीच्या पॅसेंजरमध्ये अंदाज चुकतो तो यामुळे. मुंबईच्या ‘एम-इंडिकेटर’ने २०१० पासून हेच तत्त्व वेगळ्या रीतीने वापरले: लोकलचे वेळापत्रक फोनमध्येच भरून ठेवले. दोन्हींच्या कर्त्यांनी एक साधी गोष्ट ओळखली होती. प्रवाशाला माहितीची गरज नेमकी तेव्हाच असते जेव्हा रेंज दगा देते.

तिकिटाची गोष्ट याच्या उलट. रेल्वेच्या यूटीएस ॲपवर साधे तिकीट आणि मासिक पास काढण्याची सोय २०१८ च्या नोव्हेंबरपासून देशभर झाली. २०२५ च्या जुलैत आलेल्या ‘रेलवन’ ॲपमध्ये आता ती आहे. खिडकीपुढची रांग वाचते, सुट्ट्या पैशांची कटकट जाते, हे नाकारायचे कारण नाही. सुरुवातीला स्टेशनापासून ठरावीक अंतराच्या आतूनच तिकीट काढता येई. ती बाहेरची मर्यादा २०२४ मध्ये उठली, म्हणजे आता घरूनही काढता येते. आतली मर्यादा मात्र कायम आहे: रुळांजवळ किंवा गाडीत बसल्यावर कागदाविना तिकीट काढता येत नाही. फुकट्यांनी तपासनीस दिसल्यावर तिकीट काढू नये म्हणून केलेला हा नियम योग्यच आहे. काढलेले तिकीट रेंज नसतानाही दाखवता येते, हीही शहाणपणाची व्यवस्था. पण फोनची बॅटरी उतरली आणि तिकीट दाखवता आले नाही, तर नियमानुसार तो प्रवासी विनातिकीट ठरतो. कागदाच्या पासाला हा धोका कधीच नव्हता. तो भिजला, चुरगळला तरी वाचता येई. म्हणजे सकाळी निघतानाच चार्जिंग पुरेल का, हा हिशेब पासाचाच भाग झाला. दुधनीहून सोलापूरला जाऊन दिवसभर काम करून रात्री परतणाऱ्याच्या फोनला बारा-चौदा तास काढायचे असतात आणि तिकीट तपासले जाण्याची शक्यता परतीच्या, म्हणजे बॅटरी तळाला गेलेल्या प्रवासातही तेवढीच असते.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण दोष कोणाचा हे ठरवताना इथेच गफलत होते. फोन जुना झाला, बॅटरी खराब निघाली, असे म्हणून लोक मोबाईल शॉपीत जातात. पुष्कळदा फोन ठीक असतो. प्रवास त्याला दमवतो. टॉवर लांब असेल तर फोनला आपला आवाज मोठा करावा लागतो. जुन्या टूजी फोनचा आवाज क्षणभर दोन वॅटपर्यंत चढे, आजच्या फोरजीची कमाल साधारण पाव वॅटच्या आत असते. पण स्टेशनाजवळ फोन या कमाल मर्यादेच्या कितीतरी खाली काम करतो आणि रानात मर्यादेला टेकतो, हा फरक दोन्ही पिढ्यांत सारखाच. त्यात गाडी धावती, म्हणून एका टॉवरकडून दुसऱ्याकडे उड्या. त्यात पुन्हा सीमेची भर. रेल्वेच्या दृष्टीने सोलापूर आणि कलबुर्गी एकाच विभागात, मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येतात. दूरसंचाराच्या परवान्यांत मात्र महाराष्ट्र आणि कर्नाटक अशी दोन वेगळी सर्कल आहेत. (गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये आहे आणि मुंबई नाही, असा हा नकाशा.) आपल्या सर्कलबाहेर गेलेल्या फोनने ठरावीक अंतराने मूळ सर्कलचा सिग्नल पुन्हा शोधावा, अशी तरतूद मोबाईलच्या आंतरराष्ट्रीय मानकातच आहे. कलबुर्गीला काम करणाऱ्या दुधनीकराचा फोन खिशात गप्प पडलेला दिसतो, तेव्हाही तो असा घराचा शोध घेत असू शकतो.

मग उन्हाळा. फोन बनवणाऱ्या कंपन्या, ॲपलसह, वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचे तापमान योग्य मानतात. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या डब्यात, खिडकीजवळच्या उन्हात, शर्टाच्या खिशात त्याहून जास्त. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्या जनकांना २०१९ चे नोबेल मिळाले. पण उष्णतेने तिची क्षमता कायमची घटते हा तिचा स्वभाव अजून बदललेला नाही. शंभर टक्के भरलेली बॅटरी उन्हात ठेवणे हा तर तिला लवकर म्हातारे करण्याचा हमखास मार्ग, आणि लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस नेमके तेच करतो. यावर उपाय म्हणून पॉवर बँक घ्यावी, तर तिच्यावर छापलेला आकडाही समजून घ्यावा लागतो. दहा हजार एमएएच ही आतल्या सेलची क्षमता, ३.७ व्होल्टवर मोजलेली. फोनला पाच व्होल्टने वीज देताना रूपांतरात काही ऊर्जा जाते, आणि फोनच्या पदरात सहा-साडेसहा हजार पडतात. बारीक अक्षरात तेही छापलेले असते. पण वाचतो कोण? डब्यात चार्जिंगचे प्लग असतात, सगळ्या डब्यांत नाहीत आणि सगळे चालू नाहीत. २०२१ मध्ये आगीच्या भीतीने रेल्वेने ते रात्री अकरा ते पहाटे पाच बंद ठेवायचे ठरवले, तेही कारण समजण्यासारखे होते. एकूण काय, बॅटरी ही वस्तू प्रवाशाची असली तरी तिचे आयुष्य टॉवर, ऊन आणि डब्यातला प्लग यांच्या हातात आहे.

या पार्श्वभूमीवर नोकिया ११०० आठवणे क्रमप्राप्त आहे. २००३ चा हा फोन जगभर २५ कोटींहून अधिक विकला गेला. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. वर बारीक दिवा होता आणि चार्जिंग काही दिवस टिके. भारनियमनाच्या त्या वर्षांत स्टेशनावरून घरी जाताना त्या दिव्याची किंमत काय होती हे ज्याला कळले त्यानेच तो बनवला. यावर हमखास आक्षेप येतो: हे सगळे जुन्याचे गोडवे आहेत. तसे नाही. टॉवरवरून जागा ओळखणारे ॲप जुने नाही. व्हॉट्सॲपचा आवाजी निरोप २०१३ चा आहे आणि माझ्या मापाने तो या सगळ्यांत वरच्या रांगेत बसतो. दुधनीच्या घराघरांत कन्नड बोलली जाते, शाळा मराठी किंवा कन्नड. तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. त्यामुळे बोलता येणारी भाषा आणि लिहिता येणारी भाषा एकच असेल असे नाही. इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ मध्ये ठरला तेव्हा त्यात देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘ಕ’ एकाच कळीवर ठेवले होते, म्हणजे दुभाषी माणसासाठी तो नमुनेदार होता. पण फोनवर रोमन अक्षरांतून लिहिण्याचीच सवय पडली आणि ती सोय बाजूला राहिली. आवाजी निरोपाने लिपीचा प्रश्नच उडवून लावला. त्याहून महत्त्वाचे, रेंज नसताना बोलून ठेवलेला निरोप रेंज आली की आपोआप निघून जातो. बोलणाऱ्याने वाट बघायची गरज नाही. फोन लावून ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का’ करत बसण्यापेक्षा हे कितीतरी शहाणे तंत्र आहे, आणि ते संपूर्ण नवे आहे.

जुन्या वस्तूंतही सगळ्याच टिकाऊ होत्या असे नाही. पण ज्या टिकाऊ होत्या त्या काढून घेतल्या जात आहेत, ही तक्रार खरी आहे. फोनमध्ये एफएम रेडिओ असे. इअरफोनची तारच त्याचा अँटेना होई. डेटा लागत नसे. अनेक कंपन्यांनी तो बंद करून टाकला, इतका की २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारला एफएम चालू ठेवा अशी सूचना काढावी लागली. २०१६ च्या आयफोनपासून इअरफोनचे भोकही जाऊ लागले. बिनतारी इअरफोनला स्वतःचे चार्जिंग लागते, त्याच्या डबीला वेगळे. म्हणजे गाणे ऐकायला पूर्वी एक बॅटरी पुरे, आता तीन. डब्यात फोनचा स्पीकर मोठ्याने लावून अख्ख्या कंपार्टमेंटला रील ऐकवणाऱ्यांचे समर्थन मी करणार नाही, पण त्यांच्यापैकी काहींच्या इअरफोनचे चार्जिंग संपलेले असते हे ध्यानात ठेवावे.

पैशाच्या व्यवहारात हे माप लावले की निकाल मिश्र येतो. यूपीआय २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहारांपर्यंत पोचले. चहाच्या टपरीवरचा बोलणारा डबा मराठीत रक्कम सांगतो. त्यात त्याचे स्वतःचे सिम असते, म्हणून दुकानदाराला आपला फोन बघावा लागत नाही. पण फलाटावर गाडी सुटायच्या बेतात असताना तुमच्या फोनवर चक्र फिरत राहिले, तर तो डबा गप्प, आणि गप्प डब्यावर कोणी चहा देत नाही. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये तर यूपीआय देशभरच काही काळ अडखळले होते. यूपीआय लाइटने छोट्या रकमांसाठी पिन आणि बँकेच्या सर्व्हरची खेप वाचवली, तरी नेहमीच्या वापरात नेट लागतेच. साध्या फोनवरून *९९# दाबून किंवा २०२२ मध्ये आलेल्या १२३पे सेवेत नंबर लावून पैसे पाठवता येतात. या सेवा इंटरनेटविना चालतात, मात्र त्यांची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यांतून विकण्यासारखे काही नाही. परिणामी शर्टाच्या खिशातली दहा-वीसची नोट ही अजूनही प्रवाशाची सर्वांत भरवशाची यंत्रणा आहे. ती भरवशाची का, तर तिला विचारायला कोणाकडे जावे लागत नाही.

आता मोठा आक्षेप. रेंज सुधारते आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये फाइव्हजी आले, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बीएसएनएलने देशी बनावटीचे फोरजी आणले. पाच-दहा वर्षांत रानातही पट्टे भरतील, मग रेंज गेल्यावरच्या हिशेबाची उठाठेव कशाला? याचे एक उत्तर भौतिकशास्त्राचे आहे. ज्या उंच वारंवारितांवर फाइव्हजीचा वेग अवलंबून आहे त्यांचा पल्ला छोटा असतो. दाट शहरात टॉवर जवळजवळ उभारून तो भरून काढता येतो, तुरीच्या रानात उभारून परवडत नाही. खालच्या वारंवारितांचा पल्ला लांब, पण वेग कमी. म्हणजे शहर आणि रुळालगतचे रान यांच्यातली दरी नव्या पिढीने बुजत नाही, पुढे सरकते. दुसरे उत्तर इतिहासाचे. १९८६ मध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेचे पहिले छोटे ग्रामीण एक्स्चेंज कर्नाटकातल्या कित्तूरला बसले, त्यानंतर पिवळ्या टेलिफोन बूथचे युग आले, मग मोबाईल. प्रत्येक वेळी ‘आता प्रश्न सुटला’ असे वाटले आणि प्रत्येक वेळी नव्या सेवांनी नव्या रेंजच्याही पुढची मागणी केली. फोरजी आले तेव्हा निरोप मजकुराचे होते; ते व्हिडिओ झाले.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो अर्धा मला मान्य आहे. जोडणीमुळेच कितीतरी प्रवास वाचले. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो. बाजारभाव फोनवर येतात. दाखल्यांचे अर्ज ‘आपले सरकार’वर भरता येतात. तालुक्याला घालायचे हेलपाटे कमी करणारी वस्तू रेंजविना निकामी होते म्हणून तिला कमी लेखणे अन्यायाचे होईल. बरोबर आहे. पण हे काम घरी बसून, सवडीने, रेंज असेल तेव्हा करता येते. घाई असलेल्या, चालत्या गाडीतल्या माणसाच्या कामाचे निकष या घरबसल्या कामाला लावू नयेत, तसेच घरबसल्या कामाचे निकष चालत्या माणसाला. घोटाळा होतो तो दोन्ही कामे एकाच साच्यात ओतल्याने: तिकीट, पैसे, वेळ, ओळखपत्र ही सगळी फलाटावरची कामेही आता जोडणीवर टांगली जात आहेत. २०२३ मध्ये मार्चपासून आपल्या एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले आणि जूनपासून कर्नाटकच्या ‘शक्ती’ योजनेत त्या राज्यातल्या रहिवासी महिलांना मोफत प्रवास. कर्नाटकच्या बसमध्ये मोफत प्रवास मिळेल का, हे ठरते ते हातातल्या ओळखपत्रावरच्या पत्त्याने. डिजिलॉकरमधले ओळखपत्र कायद्याने अस्सल मानले जाते. ते उघडले नाही तर प्लॅस्टिकचे कार्ड मदतीला येते. कार्ड बाळगणाऱ्या बाईंना कोणी मागास म्हणू नये.

खर्चाचा मुद्दाही यातूनच निघतो. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला की तो मोजायची गरज राहिली नाही, असे म्हटले गेले. पुढे २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी नुसते येणारे कॉल घेण्यासाठीही किमान रिचार्ज सक्तीचा केला, आणि २०२४ च्या जुलैत दर वाढले. २०२० च्या टाळेबंदीनंतर साध्या पॅसेंजर गाड्या विशेष म्हणून धावू लागल्या आणि किमान भाडे १० वरून ३० रुपयांवर गेले होते, ते २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा १० वर आले. या दोन घटना मी शेजारी मांडतो, कारण दुधनीच्या नोकरदाराच्या महिन्याच्या हिशेबात पास आणि रिचार्ज शेजारीच लिहिलेले असतात. भाडे वाढले तेव्हा प्रवाशांनी ओरड केली, निवेदने दिली, कारण रेल्वे सार्वजनिक आहे हे त्यांना ठाऊक आहे. रिचार्ज वाढला तेव्हा प्रत्येकाने आपापला पॅक बदलला. फोन खासगी मानल्यामुळे त्याच्या भोवतीच्या सोयींसाठी एकत्र मागणी करायची असते हेच सुचत नाही. केवळ कॉल आणि एसएमएसचे वेगळे रिचार्ज कंपन्यांनी द्यावेत, हा दूरसंचार नियामक ट्रायचा २०२४ च्या डिसेंबरमधला आदेश अशा मागण्यांना अर्थ असतो याचा पुरावा आहे.

मागायचे काय, तेही फार अवघड नाही. कागदाविना पास ज्याच्या नावावर आहे त्याचा फोन बंद पडला तर पासाच्या क्रमांकावरून तपासनीसाच्या यंत्रात पडताळणी व्हावी आणि मगच दंडाचा विचार व्हावा. छोट्या स्टेशनांच्या फलाटावर चालू प्लग असावेत. आणि ट्रायच्या २०२४ च्या गुणवत्ता नियमांनुसार कंपन्यांना आपापल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. ते नकाशे राज्याचे, सर्कलचे असतात. प्रवासी सर्कलने जात नाही, रुळाने जातो. सोलापूर ते कलबुर्गी या ११० किलोमीटरांच्या पट्ट्यात कोणत्या दोन स्टेशनांदरम्यान कोणत्या कंपनीची रेंज तुटते, हे एका पानावर मावेल, आणि ते पान सोलापूर विभागाच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवता येईल. त्यासाठी दोन राज्यांच्या सर्कलांची आकडेवारी एकत्र करावी लागेल. रेल्वेच्या नकाशावर हे दोन तुकडे एकोणिसाव्या शतकापासून जोडलेलेच आहेत.